बांधावरून : खांब लाकडाचा की प्लास्टिकचा?



गेल्या महिन्यात हर्सूलला जटवाड्याच्या अंगाला एका घरी जाणे झाले. हर्सूल आता शहरात जमा झाले आहे. तरी तळ्याच्या वरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी अजून मका उभा राहतो, कापूस होतो, आणि अलीकडे सीताफळाच्या बागाही दिसू लागल्या आहेत. या घरची जमीन दोन एकर, एका पट्टीत. गेल्या पावसाळ्यात सीताफळाची रोपे लावली, मधल्या जागेत मका घेतला. मका दुधात आला आणि एका रात्रीत रानडुकरांनी निम्मा लोळवला. उरलेला राखायला घरच्या मावशी, वय सत्तरीच्या आसपास, दीड महिना माळ्यावर झोपत होत्या. झोपत होत्या म्हणणे चूक. डबा वाजवीत जागत होत्या.

तेव्हा यंदा कुंपण करायचेच, यावर घरात दुमत नव्हते. दुमत होते ते कशाचे करायचे यावर. आबांनी बांधावरच्या चार बाभळी नजरेत धरल्या होत्या. "आपल्या बापजाद्यांनी बाभळीच्याच मेढी रोवल्या. घरचे लाकूड, पैसा लागत नाही." मुलाने मोबाईलमध्ये रस्त्यालगतच्या एका फार्महाऊसचे पांढरेशुभ्र प्लास्टिकचे कुंपण टिपून आणले होते आणि एका व्यापाऱ्याकडून दराचा कागदही. "साहेब, याला वाळवी नाही, गंज नाही, रंग नाही. एकदा लावले की जन्माची सुटका." मला बोलावले होते ते पंच म्हणून. बाप-लेकांच्या भांडणात पंच होऊ नये, हे मला तीस वर्षांच्या नोकरीने शिकवले आहे. पण मावशींनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "भाऊ, काहीबी सांगा, पण मला यंदा माळ्यावर चढवू नका." मग बसावेच लागले.

आधी बाभळीचे सांगतो, कारण त्या बाबतीत माझ्याच हातून चूक झालेली आहे. नोकरीच्या पहिल्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. गंगापूर तालुक्यात एका शेतकऱ्याला रोपवाटिकेभोवती कुंपण करायचे होते. मी मोठ्या तोऱ्यात नीलगिरीचे आणि बाभळीचे ओले खांब रोवायला सांगितले. तारा ताणल्या, छान दिसले. दुसरा पावसाळा संपता संपता मी तिकडे गेलो. सहज एका खांबाला हात टेकला, तर खांब मुळ्यासारखा हातात आला. वर चांगला टणक, आणि जमिनीच्या तोंडाशी मात्र नुसता भुसा. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. शेजारचा दुसरा खांब त्यांनीच उपटून माझ्यापुढे धरला. न बोलता दिलेली शिवी ती हीच.

त्या खांबाने मला जे शिकवले ते असे. रोवलेले लाकूड सगळीकडे सारखे कुजत नाही. जमिनीत दोन फूट खाली ओल असते पण हवा कमी, म्हणून बुरशीला तिथे फारसे जगता येत नाही. वर हवा भरपूर पण लाकूड कोरडे. मधे जमिनीच्या तोंडाशी, थोडे वर नि थोडे खाली, ओल आणि हवा दोन्ही मिळतात. खांब मरतो तो इथे. वाळवीही जमिनीतून येते ती इथूनच चढते. म्हणून खांबाला काय लावायचे ते या पट्ट्याला लावा. नुसते टोक डांबरात बुडवून काम भागत नाही.

जुन्या वाड्यातले सागवानी खांब शंभर-शंभर वर्षे उभे असलेले आपण पाहतो आणि म्हणतो, त्या काळचे लाकूडच वेगळे. लाकूड चांगले होते हे खरे. पण खाली वाकून पाहा. प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर उभा आहे. त्या लाकडाला मातीचा स्पर्शच कधी झालेला नाही, आणि वर छप्पर आहे. कुंपणाच्या खांबाच्या नशिबी यातले काहीच नसते.

लाकडात लाकूड पाहावे. गाभा आणि साल यांच्यामधले जे पांढरट लाकूड असते ते सागाचे असो की बाभळीचे, किडीचे खाद्यच. टिकतो तो आतला तांबडा-काळसर गाभा. मनगटाएवढ्या कोवळ्या फांदीत गाभा तो कितीसा? म्हणून चार बारीक खांबांपेक्षा एक जून खांब बरा. नीलगिरी, सुबाभूळ सरळ वाढतात म्हणून मोह पडतो, पण औषधाशिवाय मातीत ती फार काळ तग धरत नाहीत. बाभूळ, बोर, लिंब, खैर यांचा जून गाभा चांगला. बाभळीचे ओंडके महिना-दोन महिने पाण्यात बुडवून ठेवायची आपल्या सुतारांची रीत होती, ती अडाणीपणाची नव्हती. पाण्याने लाकडातला भुंग्याला आवडणारा पिठूळ अंश निघून जातो. आणि हो, साग बांधावर असला तरी तो आपलाच म्हणून कुऱ्हाड लावू नका. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे त्याला परवानगी लागते.

औषधाचे म्हणाल तर मोरचूद हे गरिबाचे औषध. लाकूड ओले असतानाच, सालीसकट, बुडखा मोरचुदाच्या पाण्यात उभा करून ठेवायचा. मी शंभर लिटरला पाच किलो असे प्रमाण वापरत आलो आहे. झाडाचा रस उडत जातो तसे औषध वर चढते. पिंप प्लास्टिकचे घ्या, लोखंडाचे मोरचूद खाऊन टाकते. त्याच कारणाने अशा खांबावर साधी लोखंडी तार किंवा खिळा लवकर गंजतो, जस्ताचा मुलामा असलेलाच वापरा. नुसते मोरचूद पावसाने हळूहळू धुऊन जाते, हा त्याचा दोष. तो दोष काढण्यासाठी डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम या आपल्याच शास्त्रज्ञाने १९३३ साली तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण शोधले. ते 'ॲस्कू' या नावाने जगभर गेले. विजेच्या लाकडी खांबांना, रेल्वेच्या स्लीपरांना ते वापरले गेले. पण त्यात आर्सेनिक म्हणजे सोमल आहे. अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती वापराच्या लाकडासाठी ते बंद झाले. तेव्हा जुना विजेचा खांब कुठून स्वस्तात मिळाला तर तो गोठ्यात, गव्हाणीला वापरू नका आणि त्याचा तुकडा चुलीत तर मुळीच घालू नका. पूर्वी खड्ड्यात आल्ड्रिनची भुकटी टाकायचे, तेही आता बंद झालेले औषध आहे. कुणाच्या माळ्यावर जुना डबा असेल तर तो खड्ड्यात रिकामा करण्याची हौस नको. जळके ऑइल फासणारेही आहेत. विहिरीच्या जवळ ते तरी करू नये.

आता प्लास्टिक. मुलाने दाखवलेले कुंपण म्हणजे पीव्हीसी. विहिरीवरून शेतात पाणी नेणारा आपला पांढरा-करडा पाइप ज्याचा, त्याच जातीचे. वाळवी त्याला खात नाही, ते कुजत नाही, हे मुलाचे म्हणणे सोळा आणे खरे. पण त्याचा वैरी वाळवी नसून ऊन आहे, आणि ऊन आपल्याकडे फुकट आहे! चैत्र-वैशाखात पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो, आणि उन्हात ठेवलेली वस्तू हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. उन्हातले अतिनील किरण पीव्हीसीचा पृष्ठभाग पिवळा पाडतात आणि ते ठिसूळ करतात. तुम्ही अनुभव घेतलेलाच असेल. उघड्यावर चार उन्हाळे पडलेला पाइप दगडावर आपटला की फुटतो, आणि त्याच लॉटमधला गाडलेला पाइप शाबूत निघतो.

म्हणूनच परदेशी कुंपणाच्या पीव्हीसीत टायटॅनियमची पांढरी भुकटी भरपूर मिसळतात. ती उन्हाला अडवते. ठिबकची नळी काळी का, याचेही उत्तर हेच. तिच्यात काजळी मिसळलेली असते, काजळी ऊन आपल्या अंगावर घेते. व्यापाऱ्याला विचारायचे ते हे, की यात उन्हाला रोखणारे काय घातले आहे आणि त्याची लेखी हमी किती वर्षांची. "साहेब, माल एक नंबर आहे" ही हमी नव्हे. पाण्याच्या साध्या पाइपाचे तुकडे करून कुंपण करणार असाल तर त्यावर पाण्यात मिसळणारा पांढरा रंग तरी मारा, म्हणजे काही वर्षे वाढतील.

दुसरी गोष्ट, पीव्हीसी उन्हाने वाढते आणि थंडीने आकसते. दहा फुटी पट्टी पहाटेपासून दुपारपर्यंत सहा-सात मिलिमीटर लांबते. लोखंड याच्या पाचव्या हिश्श्याएवढेही वाढत नाही. पट्ट्या खाचेत सैल बसवल्या नाहीत तर दुपारी त्या कमानीसारख्या वाकतात आणि ताण खाऊन खाऊन जोडावर तडकतात. तिसरी गोष्ट आगीची. फाल्गुनात बांध पेटवायची खोड आपल्याकडे अजून गेलेली नाही. लाकूड जळते, पीव्हीसी वितळते आणि त्यातून निघणारा धूर नाका-डोळ्यांना झोंबणारा, आम्लाचा असतो. बांध पेटवणारा शेजारी असेल तर दोन्ही प्रकारच्या कुंपणांची चिंता करा. लोखंडाला आणि सिमेंटला ही भीती त्या मानाने कमी.

माझा एक भाचा अमेरिकेत असतो. त्याच्या घराला असेच पांढरे कुंपण आहे. त्याला विचारले तर म्हणाला, "मामा, आमच्याकडे हे शेजाऱ्याच्या नजरेसाठी आणि कुत्रे बाहेर जाऊ नये म्हणून." बरोबर आहे. त्याच्या कुंपणाला कुणी धडक देत नाही. शंभर किलोच्या डुकराने खालून मुसंडी मारली तर पोकळ पट्टी काय टिकणार? आमच्या आबांच्या सुनेने हाच प्रश्न कागद पाहून एका वाक्यात विचारला होता, "हे कुंपण डुकरासाठी का रस्त्यावरनं जाणाऱ्या माणसांसाठी?" मुलगा गप्प झाला. मला वाटते तिथेच अर्धा निकाल लागला. मी पुढे जे बोललो ते नुसते पुरवणीचे.

मात्र मुलाची निराशा करायचे कारण नाही, कारण पीव्हीसीचा एक चांगला उपयोग आपल्या शेतकऱ्यांनीच काढला आहे. चार इंची पाइपाचा सात फुटी तुकडा घ्यायचा, मधोमध सळई उभी करायची आणि काँक्रीट ठासून भरायचे. इथे पाइप हा साचाही आणि कातडीही. ताकद काँक्रीटची आणि सळईची. पाइपामुळे काँक्रीटचे पाणी उडून जात नाही, वरचे तोंड ओल्या गोणपाटाने झाकले की बास. पुढे दहा वर्षांनी उन्हाने पाइप तडकला तरी खांब उभाच राहतो. विहिरीजवळ, पाटाच्या कडेला, जिथे लाकूड नक्की कुजणार तिथे हा खांब चांगला. परसातल्या भाजीच्या वाफ्याला, कोंबड्या-शेळ्यांना अडवायला साधे प्लास्टिकही चालते. तिथे धडक मारायला कुणी येत नाही, आणि ते सावलीत असते.

आता एक गोष्ट लिहिताना हात जड होतो. बोलणे चालू असताना शेजारचे एक गृहस्थ ओट्यावर येऊन बसले होते. ते म्हणाले, "साहेब, कशाला एवढा घोळ? एक तार सोडायची, रात्रीचा करंट द्यायचा. सकाळी डुक्कर आडवे." मी चहाची कपबशी खाली ठेवली. आबांनी मान खाली घातली, यावरून घरात हा विचारही होऊन गेला असावा असे मला दिसले. म्हणून सगळ्यांसमोर सांगितले, तेच इथे लिहितो. घरच्या विजेची तार कुंपणाला जोडणे म्हणजे बांधावर फास टांगणे. रात्री मोटार सुरू करायला जाणारा शेजारी, परसाकडे निघालेली बाई, चुकलेली गाय किंवा सकाळी तार काढायला विसरलेला आपलाच मुलगा, त्या तारेला डुक्कर कोण नि माणूस कोण हे कळत नाही. अशी माणसे मेल्याच्या बातम्या दर हंगामात वर्तमानपत्रात येतात. माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा खटला होतो, जंगली जनावर मेले तर वन्यजीव कायदा आहेच. मावशी म्हणाल्या, "मीच रातीची उठते ना रे." त्यावर कुणी काही बोलले नाही.

सौरकुंपण ही गोष्ट वेगळी. त्यातले यंत्र साधारण सेकंदाला एकदा अगदी क्षणभराचा झटका देते, बाकी वेळ तार मेलेली असते. म्हणून जनावर दचकते, मरत नाही. पण यंत्र मानकाप्रमाणे बनलेले हवे, घरी जुगाड केलेले नको, पाट्या लावलेल्या हव्यात, आणि तारेला गवत टेकू देता कामा नये, नाहीतर झटका गवतातून जमिनीत उतरतो. म्हणजे पावसाळ्यात दर आठवड्याला विळा घेऊन फेरी मारावी लागते. ज्याच्याकडे फेरी मारायला माणूस नाही त्याने यात पैसे घालू नयेत. जंगलालगतच्या गावांना यासाठी अनुदानाची योजना आहे. तुमचे गाव त्यात बसते का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा. नुकसान झाले तर भरपाईचा अर्जही तिथेच, आणि तो पंचनामा होण्याआधी शेत नांगरून टाकू नका.

खर्चाचा हिशेब करायला मुलगा मोबाईल घेऊन बसला, मी पेन्सिल घेऊन. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. दोन एकर चौकोनी असते तर घेर झाला असता सुमारे १,१८० फूट. पण ही पट्टी शंभर फूट रुंद. लांबी झाली ८७१ फूट, आणि घेर १,९४० फुटांवर गेला. आठ फुटांवर एक खांब धरला तर चौकोनाला १४८ खांब लागले असते, पट्टीला २४३ लागतात. चार पदरी तार घेतली तर तीही त्याच हिशेबाने वाढते. वाटण्या करताना आपण पट्ट्या पाडतो, त्याचा दंड असा कुंपणात भरावा लागतो. दोन भावांच्या पट्ट्या शेजारी असतील तर दोघांनी मिळून एकच बाहेरचा घेर केला तर दोघांचाही बराच पैसा वाचतो. भाऊ बोलत नसतील तर मात्र माझ्याकडे औषध नाही.

खांबाची किंमत नुसती पाहू नये, ती वर्षांनी भागावी. समजा लाकडी खांब तोडणावळ, औषध, मजुरी धरून शंभर रुपयांना पडला आणि चार वर्षे टिकला, तर वर्षाला पंचवीस रुपये. समजा सिमेंटचा खांब चारशेला पडला आणि पंचवीस वर्षे टिकला, तर वर्षाला सोळा. आकडे मी हिशेब दाखवायला घेतले आहेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला. पण चारशे रुपये आज हातात नसतील तर सोळाचा हिशेब कागदावरच राहतो, हेही खरे. आबांचे म्हणणे तेच होते. त्यांच्याकडे जी रक्कम होती ती कापसाची, आणि त्यातच धाकटीची फी बसवायची होती.

सिमेंटचे खांब घेतलेत तर एवढे पाहा की सळईवर सगळीकडून काँक्रीटचे पुरेसे कवच आहे. कडेला सळई दिसत असेल तर ती गंजून फुगते आणि खांब फोडते. खांब ओतल्यावर पंधरा-वीस दिवस पाणी मारलेले असावे. उन्हाळ्यात घाईने ओतून तिसऱ्या दिवशी गाडीत भरलेले खांब रस्त्यातच तडकतात. तारेच्या बाबतीत गेज जेवढा जास्त तेवढी तार बारीक, हे लक्षात ठेवा. १२ गेजची तार सुमारे अडीच मिलिमीटरची, १४ ची जेमतेम दोन. जस्ताचा मुलामा आणि आय.एस.आय. ची खूण पाहून घ्या.

काळ्या जमिनीविषयी चार शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण आपल्याकडे खांब पडण्याचे निम्मे कारण लाकूड-प्लास्टिक नसून जमीन आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ती खांबाला वर्षातून एकदा ढकलते आणि एकदा सोडते. तीन-चार वर्षांत खांब दारूड्यासारखे कलतात, मग ते सिमेंटचे का असेनात. उपाय असा की खड्डा दोन-अडीच फूट घ्यावा, जमले तर मुरुमाला टेकवावा, आणि भरताना तीच काळी माती परत न भरता मुरूम आणि बारीक दगड थराथराने ठोकून भरावे. तळाला मूठभर गिट्टी टाकावी म्हणजे पाणी खाली मुरते. वर खांबाभोवती मातीचा उंचवटा करावा, पाणी बाहेर वाहील. कोपऱ्याच्या खांबांना दोन्ही बाजूंनी तिरपे टेकू द्यावेत. तारेचा सगळा ताण त्यांच्यावर असतो. कोपरा हलला की मधले शंभर खांब असून नसून सारखेच. डुकरासाठी सर्वात खालची तार जमिनीपासून अर्ध्या फुटावर, ताणलेली असावी आणि तिच्याखाली शेतात वेचलेले दगड रचावेत. जटवाड्याच्या बाजूला दगडाला तोटा नाही. जुन्या लोकांच्या दगडी पौळी अजून कुठे कुठे दिसतात. रोही मात्र वरून उडी मारतो, त्याला उंची लागते.

मग शेवटी काय ठरले? मी म्हटले, आबा, तुमचे लाकूडही घ्या आणि पोराचे प्लास्टिकही घ्या, पण कुंपण मात्र यांतल्या कशाचेच करू नका. कुंपण झाडांचे करा.

हे नवे नाही. आपण हर्सूलहून अजिंठ्याच्या रस्त्याने निघालो आणि तसेच खानदेश ओलांडून गेलो की बऱ्हाणपूर लागते. इंग्रजांनी मिठावरचा कर चुकवता येऊ नये म्हणून उत्तरेकडून थेट या बऱ्हाणपुरापर्यंत शेकडो मैल लांबीचे कुंपण घातले होते. सुरुवातीला ते वाळक्या काट्यांचे होते. १८६७ पासून त्या खात्याची सूत्रे ह्यूम साहेबांकडे होती. हेच पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होते. त्यांच्या लक्षात आले की वाळके काटे दरवर्षी वाळवी खाते, वादळ उडवते, आग जाळते, आणि नवे आणता आणता मजुरीला अंत राहत नाही. म्हणून त्यांनी जिवंत झाडांचे कुंपण लावायला घेतले. जिथे जे जगेल ते लावले, म्हणजे बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर. जिथे ते चांगले जमले तिथे दहा-बारा फूट उंच झाले. १८७९ साली ती जकातरेषाच मोडली आणि कुंपणही गेले. कर वाईट होता, पण कुंपणाची अक्कल चांगली होती. अमेरिकेत माळरानावर लाकूडच मिळेना म्हणून ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने १८७४ साली काटेरी तारेचे पेटंट घेतले आणि मग जगभर तार झाली. आपल्याकडे काटे आधीपासूनच झाडाला होते.

तर आबांच्या शेतात असे ठरले. चार कोपरे, फाटकाचे दोन आणि विहिरीच्या अंगाचे सात, एवढे खांब पाइपात काँक्रीट भरून करायचे. हे काम मुलाकडे. मधले सगळे खांब बाभळीचे, मोरचूद पाजलेले. घरच्या चार बाभळी पुरणार नाहीत, उरलेले भावकीतून आणायचे. हे आबांकडे. त्यावर तार. आणि कुंपणाच्या आत, हद्दीपासून तीन फूट सोडून, करवंद आणि सागरगोटा दाट लावायचा. बाभळीचे खांब पाच-सहा वर्षांनी मरतील तेव्हा मरू देत, तोवर झाडे खांद्याला लागलेली असतील. जिथे खांब मरेल तिथे गिरिपुष्पाची मनगटाएवढी फांदी रोवायची. पाऊस लागला की ती फुटते, जिवंत खांब होतो, आणि तिचा पाला शेताला खत म्हणून चालतो. त्या जिवंत खांबाला तार खिळ्याने ठोकू नका, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधा, नाहीतर झाड तारेला गिळते.

करवंदाचे बी जुने झाले की उगवत नाही, पिकलेल्या फळातले ताजेच पेरावे. म्हणजे वेळ वैशाख-ज्येष्ठाची. सागरगोट्याचे बी उलट दगडासारखे कठीण. ते थोडे घासून, कोमट पाण्यात रात्रभर भिजवून लावा. दोन फुटांवर एक रोप, आणि पहिले दोन उन्हाळे पाणी. इथेच बहुतेकांचे सजीव कुंपण बुडते. पाऊस आहे तोवर हिरवे, आणि मार्चमध्ये कुणी विचारत नाही. सुनेने विचारले, "करवंदाचं लोणचं होईल ना?" होईल की. मात्र घरात लहान मुले असतील तर शेराची लागण टाळा, त्याचा चीक डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो.

खड्डे खणण्याआधी आणखी एक. हद्दीच्या खुणा सापडत नसतील तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचे पैसे भरा. जमीन महसूल संहिता १९६६ प्रमाणे हद्दीच्या खुणा सांभाळायची जबाबदारी आपलीच आहे. आणि शेजाऱ्याची वहिवाटीची वाट असेल तिथे फाटक ठेवा. तहसीलदारापुढे वाटेची जी प्रकरणे चालतात त्यांतली निम्मी कुंपणाच्या पहिल्या खांबापासून सुरू झालेली असतात. या घरच्या उत्तरेकडच्या बांधावरून दोन शेजाऱ्यांच्या बैलगाड्या जातात. आबांना तिथे फाटक नको होते. अर्धा तास गेला त्यात, मग मानले.

परवा हर्सूलहून येताना गाडी थांबवून पाहिले. बाभळीचे बुडखे निळ्या पाण्याच्या तीन पिंपांत उभे होते. मुलगा पाइपात काँक्रीट ठासत होता, सळई मधोमध राहावी म्हणून त्याने लाकडाची एक भोकाची चकती केली होती. ती युक्ती मला ठाऊक नव्हती. सीताफळाची आळी मावशी करीत होत्या. म्हणाल्या, "माळा मोडला बगा, त्याची लाकडं बी खांबाला घेतली." मी म्हटले, मावशी, माळा मोडायची घाई केलीत, झाडे मोठी व्हायची आहेत. त्या नुसत्या हसल्या.

सागरगोट्याचे बी कुठे मिळेल असे विचारणारी कार्डे येतील म्हणून आताच सांगतो. आधी गावातल्या जुन्या बायकांना विचारा, बाळंतिणीच्या औषधात ते बहुतेक घरी असते. नाही मिळाले तर वनविभागाची किंवा सामाजिक वनीकरणाची रोपवाटिका पाहा. पुढच्या अंकात विहिरीतल्या गाळाविषयी. त्यावर बारा पत्रे आली आहेत.